डॉ. फीलगुडचा 'डाऊन बाय द जेटी' : इतके महिने ऐकल्यावर

पावसाळ्यात हा अल्बम लावायला घेतला तो अजून उतरलेला नाही, म्हणून म्हटलं आता लिहावंच. जानेवारी १९७५ मध्ये आलेला डॉ. फीलगुड या इंग्लिश रॉक बँडचा हा पहिला अल्बम, तेरा ट्रॅक्स, आणि तोसुद्धा मोनोमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरमधून एकच आवाज! म्हणजे सगळे बँड स्टिरिओमध्ये मोठमोठे कीबोर्ड आणि वीस वीस मिनिटांची गाणी करत होते तेव्हा ही चार पोरं तीन मिनिटांत गाणं आटपून मोकळी.

बँड कॅन्व्ही आयलंडचा. लंडनहून थेम्स समुद्राकडे जाते तिथलं हे सखल बेट, १९५३ च्या पुरात बुडालेलं, तेव्हा आजूबाजूला तेलाच्या टाक्या नि रिफायनऱ्या. अल्बमचं नाव ज्या गाण्यातून आलंय त्या 'ऑल थ्रू द सिटी'मध्ये रिफायनऱ्यांची ती पेटलेली धुराडी येतात. अमेरिकन ब्लूज वाजवायचा पण बोलायचं आपल्या गावाबद्दल, हे मला या लोकांचं सगळ्यात जास्त आवडलं.

आता विल्को जॉन्सनच्या गिटारबद्दल बोलतो कारण खरं सांगायचं तर मी त्यासाठीच परत परत येतो. (गेम ऑफ थ्रोन्समधला तो मुका जल्लाद आठवतोय? तोच हा. कॉलेज संपल्यावर रस्त्याने भारतातही येऊन गेलेला.) पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) वापरतच नाही, नुसत्या बोटांनी तारांवर फटके, आणि डावा हात लगेच तारा दाबून आवाज तोडतो. 'शी डझ इट राइट'ची सुरुवात हेडफोनवर ऐका, ऱ्हिदम चालू असतानाच मध्ये लीडचे तुकडे येतात आणि वाटतं दोन गिटार आहेत, पण एकच आहे, एकाच माणसाने तबला नि डग्गा दोन्ही सांभाळावा तसं. पायरेट्स या जुन्या इंग्लिश बँडच्या गिटारिस्ट मिक ग्रीनकडून त्याने हे उचललं, 'ओये!' हा ट्रॅक तर ग्रीनचाच आहे.

महिन्या दोन महिन्यांनी लक्षात यायला लागतं ते बाकीच्यांचं काम. स्पार्क्सचा बेस आणि बिग फिगरचे ड्रम्स कुठेही मिरवत नाहीत पण ते इतके घट्ट आहेत म्हणून तर गिटारला मध्ये मोकळी जागा सोडता येते. आणि ली ब्रिलो, काय आवाज आहे यार, घोगरा, दमदाटी केल्यासारखा. 'रॉक्सेट'मध्ये त्याचा हार्मोनिका आणि गिटार एकमेकांवर धावून जातात ते ऐकून मी दर वेळी आवाज वाढवतोच. हो, त्या स्वीडिश रॉक्सेटने आपलं नाव याच गाण्यावरून घेतलं.

प्रोड्युसर विक मेल, ज्याने पुढे मोटरहेड या हेवी बँडचा 'एस ऑफ स्पेड्स' अल्बम केला. बँड समोर उभा राहून वाजवतोय असंच रेकॉर्डिंग, वरून मुलामा जवळजवळ नाहीच. मोनोचा रोजच्या वापरात एक फायदा असा की किचनमधल्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरसुद्धा काही हरवत नाही, भांडी घासताना मी तसाच लावतो. २००६ च्या कलेक्टर्स एडिशनमध्ये स्टिरिओ मिक्सपण आहे, तो मी बरेच दिवस ऐकून पाहिला, वाद्यं वेगवेगळी कळतात हे खरं, पण ठोसा कमी होतो. मोनोच घ्या.

सगळंच ग्रेट आहे असं नाही. 'वन वीकेंड' मला अजूनही चढत नाही, बऱ्याचदा पुढे ढकलतो. शेवटची 'बोनी मोरोनी' आणि 'टकीला'ची लाइव्ह मेडली मजेशीर आहे, पब रॉकमधल्याच (म्हणजे त्या काळी पबमध्ये वाजणारं साधंसरळ रॉक) ब्रिन्सली श्वार्झ बँडची मंडळी त्यात सॅक्सवर आहेत, पण बाकी अल्बमच्या काटकसरीनंतर ती जरा पसरट वाटते. आणि सलग ऐकलं तर मधली काही गाणी एकसारखी वाटू शकतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 'शी डझ इट राइट', 'रॉक्सेट', 'ऑल थ्रू द सिटी' आणि मिकी जपने लिहिलेलं 'चेक बुक' एवढी चारच ऐकावीत, मग बाकीची.

याच बँडचा १९७६ चा लाइव्ह 'स्टुपिडिटी' इंग्लंडमध्ये एक नंबरला गेला होता आणि लोक आधी तो सांगतात. तोही जबरदस्त आहे, पण मी म्हणेन आधी हाच घ्या, कारण शेवटची मेडली सोडली तर इथे गर्दीचा आवाज नाही आणि विल्कोचा उजवा हात नेमकं काय करतोय ते स्वच्छ ऐकू येतं.