व्हर्टस जीटी १.५ : कागदावर १५० घोडे, चाकावर किती?

आधी उत्तर सांगून टाकतो कारण अर्धे लोक तेवढंच वाचून जाणार. फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटी १.५ डीएसजीचे (डीएसजी म्हणजे तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) १५० पीएस, म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर, खरे आहेत, कंपनीनं फसवलेलं नाही. पण ते १५० इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे ताकद इंजिनातून बाहेर पडती तिथंच, मोजलेले आहेत, चाकावर नाही, आणि जालन्याच्या मे महिन्यातल्या दुपारी तर अजिबात नाही. आता ज्याला पुढचं वाचायचंय त्यानं वाचा.

आमच्या ग्रुपमधे गाडी आली तेव्हापासून एकच पिरपिर, १५० कुठं वाटते भाऊ, काकाची डिझेल गाडी यापेक्षा जोरात उचलती. शोरूमवाल्यानं आणखी घोळ घालून ठेवलेला, तो सगळ्यांना १५० बीएचपी सांगायचा. ब्रोशरमधे पीएस आहे. १५० पीएस म्हणजे ११० किलोवॅट, बीएचपीमधे काढलं तर साधारण १४८. दोनचा फरक काही मोठा नाही पण सुरुवातच अशी म्हणल्यावर पुढं काय.

मोंढ्यात माल टाकलेल्याला हे लगेच कळंल. काट्यावर वजन एक येतंय आणि पट्टीवर कडता कापून दुसरंच येतंय. गाडीतबी कडता असतो. क्रँकवरून ताकद निघती ती क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट, बेअरिंग, टायर असं सगळ्यांना थोडं थोडं देत रस्त्यावर येती. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत दहा ते पंधरा टक्के जातात असं धरून चाला. म्हणजे १५० ची गाडी चाकावर १२७ ते १३५ दाखवत असंल तर ती चांगली गाडी आहे, रडायचं काही कारण नाही.

तरी समाधान होईना म्हणून पुण्याला डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजायच्या मशीनवर, घेऊन गेलो. दुकानाचं नाव लिहित नाही, का ते पुढं कळंलच. वाघोलीच्या ट्रॅफिकनं डोकं उठलं होतं, पोचलो तेव्हा गाडी आणि मी दोघंबी तापलेले. पोरं मात्र कामाला चांगली होती. पुढची चाकं रोलरवर, मागून चारी बाजूनं पट्टे ताणून बांधलेले, तोंडासमोर भला मोठा पंखा, टायरची हवा चेक केली, बोनेट उघडं ठेवलं. डीएसजीची एक खोड असती, डी मधे ठेवून पाय दाबला की ती आपल्या मनानं गिअर खाली टाकती आणि रन वाया जातो, त्यामुळं मॅन्युअलमधे टाकून अॅक्सिलरेटर तळाच्या खटक्याच्या जरा अलीकडंच धरायचा. ते त्या पोराला बरोबर माहीत होतं. रन चालू झाला की शेडचा पत्रा थरथरतो राव, तो आवाज ऐकायलाच पैसे दिले म्हणा.

ग्राफ मात्र नीट बघा, लोक फक्त वरचा आकडा बघून मोकळे होतात. कंपनी म्हणते टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, २५० न्यूटन मीटर १६०० ते ३५०० आरपीएमला आणि १५० पीएस ५००० ते ६००० ला. आमच्या ग्राफमधे टॉर्कची रेघ पठारासारखी सपाट होती आणि ३५०० नंतर उतरायला लागली, जसं छापलंय तसंच. हे घरी बसूनबी तपासता येतंय. २५० ला ३५०० नी गुणा, ९५४९ नी भागा, ९१.६ किलोवॅट येतात म्हणजे १२५ पीएसच्या आसपास. तर पठार संपतं तिथं गाडीकडं १२५ असतात, बाकीचे २५ घोडे त्याच्या पुढं चढत चढत ५००० ला पुरे होतात आणि तिथं आपण कधी जातोच कुठं. मंठा रोडला ट्रॅक्टर ओलांडताना २५०० वर काम भागतंय. ग्रुपमधल्या काहूनचं उत्तर एवढंच आहे, काकाच्या डिझेलचा टॉर्क खालीच हाताशी असतो म्हणून ती उचलल्यासारखी वाटती, शंभरच्या पुढं दोघी शेजारी लावा मग बोला.

आता खरी गंमत. स्क्रीनवर आकडा आला १३९, चाकावर. मी म्हणलं हे जरा जास्तच झालं, करेक्शन कोणतं लावलंय? आधी म्हणे "सर, ते ऑटोमॅटिक असतं." मग दाखवलं, डीआयएन, जर्मन मानक. म्हणजे २० डिग्री तापमान आणि समुद्रसपाटीचा १०१३ मिलीबार दाब धरून आकडा फुगवायचा. आपण कुठं, साडेपाचशे मीटर उंचीवर, शेडमधे पस्तीस डिग्री. करेक्शन काढायला लावलं तर गाडी जागची न हलता तोच रन १२७ झाला. एसएई हे अमेरिकेचं मानक लावलं की मधे कुठंतरी. गाडी तीच, ग्राफ तोच, बटण वेगळं.

आणि टर्बो गाडीला हे उंचीचं करेक्शन तसंबी पूर्ण लागू पडत नाही. बिगर टर्बोचं इंजिन पातळ हवेत खरंच ताकद सोडतं, त्याला ते ठीक आहे. टर्बो मात्र आपल्या उंचीवर थोडं जास्त फिरून ठरलेला दाब बऱ्यापैकी भरून काढतो. मग भरून काढलेल्यावर परत करेक्शन म्हणजे दोनदा मजुरी.

एवढ्यावर थांबले असते तर पाच स्टार दिले असते. पण त्यांनी १३९ ला ०.८५ नी भागून "क्रँक पॉवर १६३ पीएस" अशी प्रिंट काढून हातात दिली आणि म्हणे कंपनी कमी सांगती साहेब, तुमच्या गाडीत लई दम आहे. पंधरा टक्के लॉस कुणी मोजला? कुणीच नाही, सॉफ्टवेअरमधे टाकलेला अंदाज आहे तो. करेक्शन न लावलेला १२७ त्याच हिशोबानं भागला तर १४९ येतो, म्हणजे कंपनीच्या आकड्याला जवळपास चिकटून. पण १४९ वर गिऱ्हाईक खूश होत नाही ना, आणि खूश गिऱ्हाईकालाच रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून देणं, विकता येतो.

अजून एक, लागोपाठ रन मारले की आकडा खाली खाली येतो. या इंजिनचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा, पाण्यावर चालणारा, चांगली डिझाइन आहे पण शेडमधला पंखा समृद्धीवर १२० च्या स्पीडला लागणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करत नाही. हवा तापली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, ठिणगीचं टायमिंग मागं घेतो आणि ताकद कमी होती. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या रनमधे गॅप किती ठेवला ते विचारत जा. जालन्यात ४२ डिग्रीला हेच रस्त्यावर होतं, सकाळी सहाची गाडी आणि दुपारी दोनची गाडी वेगळी वाटती, तो भास नाही.

ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल सगळे विचारतात. इथेनॉलमधे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळं अॅव्हरेजला फटका बसतो हे खरं. पण ताकद त्याच प्रमाणात पडत नाही, इंजिन जास्त इंधन सोडून भरून काढतं आणि ऑक्टेनबी वाढतो. पॉवर कमी झाली म्हणून पंपवाल्याशी भांडू नका, मायलेजवरून भांडा पाहिजे तर.

कंपन्या कधीच खोटं बोलत नाहीत असं मात्र माझं म्हणणं नाही. मझदानं अमेरिकेत २००१ च्या एमएक्स-५ ला १५५ हॉर्सपॉवर छापले, निघाले १४२, आणि गाड्या परत घ्यायची ऑफर द्यावी लागली. फोर्डच्या १९९९ च्या मस्टँग कोब्राचे ३२० पण भरले नव्हते, गाड्या बोलावून दुरुस्त केल्या. जपानवाल्यांचं उलटं, तिकडं आपसातल्या समजुतीनं २००४ पर्यंत कुणीच २८० पीएसच्या वर छापायचं नाही, आत भले जास्त असू दे.

गाडी म्हणून व्हर्टस मला आवडलीच आहे. शेंद्र्याला फोक्सवॅगनच्याच ग्रुपमधल्या स्कोडाचा प्लांट आपल्या दारात असून ही मात्र चाकणहून येती हे जरा टोचतं. एका लयीत चालवली की दोन सिलिंडर बंद होतात ते कळतबी नाही. सर्व्हिस महाग, आणि पावसात पहिल्या गिअरला जोर केला की पुढची चाकं फिरतात.

डायनोला तीन स्टार. ते तीनबी त्या पोरांना, प्रिंटला नाही. जायचंच असंल तर करेक्शन काढून आकडा घ्या, कोरा ग्राफ मागून घ्या आणि काही बदल करायच्या आधी नि नंतर एकाच डायनोवर लावा, तिथं मशीन खरंच उपयोगी आहे. पुण्याचा आकडा मुंबईच्या डायनोशी लावून भांडण्यात अर्थ नाही.

रिमॅपचं मी नको म्हणलं. १८५ पीएस आणि ३२० न्यूटन मीटर देतो म्हणत होते. या गाडीतला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, डीक्यू२००, बनलाय २५० न्यूटन मीटरसाठी, आणि कंपनीनं टॉर्क बरोबर २५० वरच थांबवलाय. त्या पोराला विचारलं क्लच गेला तर कोण बघणार, तर म्हणे "सर, एवढं काय होत नाही." वॉरंटी गेलेली, गिअरबॉक्स उघडणारा माणूस जालन्यात नाही, म्हणजे टो करून संभाजीनगर. त्यापेक्षा त्याच पैशात चांगले टायर टाकले.