उडीआधी दार मोजा: स्कायडायव्हिंगच्या विमानांची दारं, कोकणपट्टीच्या हिशेबानं

घाटावरच्या मोकळ्या माळावर शेवटचा गट अर्धा किलोमीटर पुढे उतरला तर रिग (छत्रीचा पाठीवरचा संच) खांद्यावर टाकून ढेकळांतून चालत यावं लागतं, एवढंच. कोकणात तोच अर्धा किलोमीटर सड्याची कड ओलांडतो. पलीकडे आंबा-काजूच्या बागा, खाडी, नाहीतर थेट समुद्र. चिपी आणि रत्नागिरी हे दोन्ही विमानतळ अशाच कातळाच्या सड्यांवर आहेत. अशा जागी जंप शिबिर भरवायचं मनात असेल, तर विमान ठरवताना दाराचं माप आधी विचारा. इंजिन, उंची, भाडं हे नंतर.

हिशेब सोपा आहे. जंप रनवर, म्हणजे उडी सोडताना विमान घेतं त्या सरळ धावेत, विमानाचा जमिनीवरचा वेग ८५ नॉट धरला तर ते सेकंदाला सुमारे ४४ मीटर पुढे सरकतं. हवेत गट एकमेकांवर येऊ नयेत म्हणून दोन गटांत ३०० मीटर अंतर हवं असेल तर सात सेकंद सोडायचे. तेवढ्यात पुढचा गट दारात आणि दाराबाहेर आपापली जागा घेऊन तयार झाला, तर काहीच वाया जात नाही. दार अरुंद म्हणून त्याला अकरा सेकंद लागले, तर दर खेपेला चार सेकंद हातचे गेले. पाच गटांमध्ये अशा चार फटी पडतात, म्हणजे सोळा सेकंद, म्हणजे सातशे मीटर. त्यातून वारा पश्चिमेचा असला की वाऱ्याच्या तोंडावर केलेला जंप रन समुद्राकडेच जातो आणि हे जास्तीचे सातशे मीटर सगळे पाण्यावरचे असतात. वारा छत्रीला किनाऱ्याकडे आणतो खरा, पण खाली खारा वारा मंद असेल तर ते अंतर तुटत नाही.

सेसना २०८ कॅरॅव्हॅनचं मागचं कार्गो दार डाव्या बाजूला आहे: १.२४ मीटर रुंद, १.२७ मीटर उंच. म्हणजे जवळपास चौकोनच. जुन्या घराच्या माजघरात शिरताना जसं वाकावं लागतं, तसंच वाकून इथून बाहेर पडायचं. जंपसाठी मूळ दार काढून पारदर्शक पट्ट्यांचं रोल-अप दार बसवतात. ते दोन बाजूंच्या पन्हाळीतून वर सरकत छताला जातं, त्यामुळे उघडल्यावर बाहेर काहीच आडवं येत नाही. बाहेर पायरी आणि दारावर आडवा दांडा असेल तर तीन फ्लोटर, म्हणजे उडीआधी दाराबाहेर धरून उभे राहणारे जंपर, बाहेर उभे राहू शकतात. मधल्याला मात्र पाय टेकायला जेमतेम जागा मिळते आणि चौघांचा गट सोडताना नेमका तिथेच वेळ जातो. टँडमसाठी, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधलेल्या प्रवाशाच्या उडीसाठी, हे दार चांगलं आहे. जोडी गुडघ्यांवर सरकत येते, प्रवाशाचे पाय कडेखाली दुमडलेले, डोकं मागे इन्स्ट्रक्टरच्या खांद्यावर आणि हात छातीवरच्या हार्नेसला. प्रवाशानं घाबरून चौकट धरली की सगळं अडतं, म्हणून हात कुठे ठेवायचे याचा सराव जमिनीवर, खऱ्या दारात बसवून करून घ्या. चौदा-पंधरा जंपरच्या शिबिराला आमची पहिली पसंती कॅरॅव्हॅनलाच.

गट मोठे असतील तर मात्र ट्विन ऑटर. तिचंही दार १.२७ मीटर उंच, पण रुंदी १.४२. कागदावर फरक १८ सेंटिमीटरचा. दारात तो एका माणसाच्या जागेचा पडतो, कारण रिग घातलेला माणूस बाजूनं उभा राहिला की त्याला जास्तीची लागते ती साधारण तेवढीच जागा. पुढचा, मधला आणि मागचा फ्लोटर मोकळेपणी उभे राहतात, आत उरलेले त्यांना चिकटून बसतात आणि मोठा गट एकाच हाकेवर सुटतो. आडवं शेपूट उभ्या पंखावर बरंच वर बसवलेलं असल्यामुळे दारातून जोरात उसळी घेणाऱ्याला तिथे धोका कमी. बावीसच्या आसपास जंपर बसतात आणि समुद्रावरून उडताना दुसरं इंजिन असणं ही साधी गोष्ट नव्हे. अडचण पैशाची आहे. दोन टर्बाइनचा खर्च निघायला विमान भरून जायला हवं. बारा जणांसाठी ऑटर बोलावली तर माणशी दर परवडणार नाही.

किंग एअर ९० भराभर उंची गाठते, त्यामुळे दिवसाच्या फेऱ्या वाढतात. म्हणूनच ती आयोजकांना भुरळ घालते. दार १.३ मीटर उंच आहे, पण रुंदी फक्त ०.६९ मीटर. दोघांना शेजारी उभं राहता येत नाही, म्हणजे वरचा सोळा सेकंदांचा हिशेब इथे पुरेपूर लागू होतो. भरीला जंप रनचा वेगही जास्त. आणखी एक गोष्ट बारकाईनं बघा. मागचा फ्लोटर बाहेर जाताना वळतो तेव्हा त्याच्या कंटेनरचा (छत्री भरलेल्या पाठीवरच्या पिशवीचा) उजवा खालचा कोपरा मागच्या चौकटीला घासतो. पायलट च्यूटचं, म्हणजे मोठ्या छत्रीला बाहेर ओढणाऱ्या छोट्या छत्रीचं, कापड नेमकं त्याच कोपऱ्याच्या खिशात असतं. ते बाहेर ओढलं गेलं आणि जंपर अजून दारातच असला, तर छत्री शेपटावरून जाते. त्या चौकटीच्या कडेला गुळगुळीत टेप नसेल, पत्र्याचा काठ बोटाला लागत असेल, तर त्या विमानातून फ्लोटर लावू नका. दाराजवळ गर्दी झाली की वजन मागे जातं, बाहेर लोंबकळणाऱ्यांमुळे शेपटावरचा वारा बिघडतो आणि मंद वेगात विमान स्टॉल होऊ शकतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली पडू शकतं. म्हणून दारामागे एका वेळी किती जण, हा आकडा पायलटकडून आधी घ्या आणि बाकीच्यांना पुढेच बसवून ठेवा. सड्यावर किंग एअर वापरायचीच तर तीन गट एका फेरीत सोडायचे, उरलेल्यांसाठी विमान वळवून दुसरा जंप रन करायचा.

पिलाटस पोर्टरचं सरकतं दार उलट प्रकारचं. सुमारे १.५८ मीटर रुंद, पण उंची जेमतेम १.०४. जमिनीवर बसूनच सरकायचं, पाय बाहेर टाकायचे आणि सुटायचं. अनुभवी जंपरला आवडतं, पहिल्यांदा टँडमला आलेल्या जाड अंगाच्या पाहुण्याला जड जातं. एल-४१० चं दार १.४६ मीटर उंच, बाजूच्या दारांत सगळ्यांत ऐसपैस उंचीचं, रुंदी कॅरॅव्हॅनइतकीच. हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांना ते सोयीचं. शॉर्ट स्कायव्हॅनला तर मागचा अख्खा दरवाजाच आहे, साधारण दोन मीटर बाय दोन मीटर. तिथे तयार व्हायला वेळ लागतच नाही, त्यामुळे मागचे लोक पुढच्यांच्या पाठोपाठ निघतात. म्हणून गटांमधले सात सेकंद तोंडानं मोजणारा एक माणूस कडेला उभा हवाच.

किनाऱ्यावर तटरक्षक दलाची डॉर्निअर २२८ सगळ्यांनी पाहिलेली असते. कानपूरला एचएएलमध्ये बनणाऱ्या या विमानाचं मालाचं दार सुमारे १.३४ मीटर उंच आणि १.२८ रुंद आहे, कॅरॅव्हॅनपेक्षा किंचित मोठंच. ते आपल्याला भाड्यानं मिळणारं विमान नाही, पण दाराचा अंदाज घ्यायला चांगलं.

छोट्या शिबिराला सेसना १८२ पुरते. चार जंपर, एक-दोन गट, त्यामुळे सेकंदांचा प्रश्नच येत नाही. तिचं जंप दार वरच्या बिजागरीवर पंखाखाली उघडतं आणि वाऱ्यानं तिथेच धरून राहतं. उघडण्याआधी पायलटनं वेग कमी केलाय याची खात्री करा. २०६ बद्दल मात्र किनाऱ्यावर जास्त सावध राहायला हवं. मूळ रचनेत उजव्या मागच्या बाजूला दोन पाळ्यांचं (झडपांचं) कार्गो दार आहे. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) खाली असले की पुढची पाळी फ्लॅपला अडते आणि काही सेंटिमीटरच उघडते. मागची पाळी उघडायची तर आधी पुढची उघडावी लागते. विमान पाण्यात उतरवायची वेळ आली आणि फ्लॅप खालीच राहिले, तर मागे बसलेल्यांना बाहेर पडणं फार अवघड होतं. जंपसाठी वापरायच्या २०६ ला मान्यताप्राप्त फेरबदल करून एकसंध रोल-अप दार बसवलेलं असावं. तो कागद मागून बघा.

रोल-अप दार कोकणात सर्वांत जास्त बिघडतं ते मिठानं. खाऱ्या हवेत पन्हाळीत मीठ आणि बारीक वाळू साचते, ॲल्युमिनियमच्या पट्टीला लोखंडी स्क्रू असेल तिथे पांढरी भुकटी धरते, मग दार तिरकं सरकतं आणि अर्ध्यावर अडकतं. दिवसाच्या शेवटी पन्हाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसा, कोरड्या करा आणि सुकणारा सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस लावू नका, त्यात वाळू रुतून बसते. उन्हानं पट्ट्या पिवळ्या पडल्या किंवा खिळ्यांच्या भोवती केसासारख्या चिरा दिसल्या तर त्या पट्ट्या बदला. वरची कडी नीट बसली नाही तर हवेच्या धक्क्यानं दार दारातल्या माणसाच्या डोक्यावर येतं. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी दार पूर्ण वर चढवा, खालच्या पट्टीला दोन्ही हातांनी खाली जोरात झटका द्या. कडी सुटली तर ती दुरुस्त होईपर्यंत कोणालाही दारात बसवू नका.