‘फाइल प्रेस-रेडी करून देतो’ म्हणत उकळलेले ५२,४०० रुपये

गिरगावातील आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेची फाइल प्रेस-रेडी, म्हणजे थेट छपाईला देता येईल अशी, करून देतो म्हणत एका मध्यस्थाने ५२,४०० रुपये घेतले आणि हातात कामाचे काहीही दिले नाही. हा पैसा वर्गणीदारांचा होता, याचा संताप अधिक आहे. लोअर परळमधील एका गाळ्यात त्याने आमची फाइल तपासून दोष सांगितले : चित्रे आरजीबीत (छपाईच्या नव्हे, पडद्याच्या रंगपद्धतीत) आहेत, फॉन्ट एम्बेड केलेले (फाइलमध्येच समाविष्ट) नाहीत, ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर चित्राचा जादा भाग) सोडलेले नाही. दोष खरे होते, म्हणूनच विश्वास बसला. दुरुस्तीचे पानाला १५० रुपयांप्रमाणे ९६ पानांचे १४,४०० आणि छपाईच्या प्लेट व कागदासाठी आगाऊ ३८,००० रुपये त्याने घेतले.

‘दुरुस्त’ फाइल आली तेव्हाही पानाचे माप २१० × २९७ मिलिमीटरच होते. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड दिले असते, तर ते २१६ × ३०३ भरले असते. संशय यायला हवा होता तो नेमका इथे. मी विचारलेही; ‘ब्लीड मशीनवर जोडतो’ असे त्याने ठामपणे सांगितले. कापण्याच्या रेषेपलीकडे फाइलमध्ये जे चित्रच नाही, ते मशीन कोठून आणणार? पण ही जाण आमच्यापाशी नव्हती म्हणून तर त्याला पैसे दिले होते! तुम्ही मात्र माप आधी पाहा आणि फॉन्टच्या यादीत प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ दिसेपर्यंत पैसे रोखून धरा.

पुढे त्याने फोन उचलणे बंद केले. दुसऱ्या मुद्रकाने फाइल उघडली, तर बदल केवळ फाइलच्या नावात होता : फॉन्ट फाइलमध्ये नसल्याने जुन्या मराठी फॉन्टमधील मजकुराच्या जागी या मुद्रकाच्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसत होती आणि चित्रे अजून आरजीबीतच होती. छापील प्रूफवर (तपासणीसाठीच्या नमुना प्रतीवर) सही केल्याशिवाय प्लेटचा एक रुपयाही देऊ नये, हे त्या मुद्रकाने सांगितले.

पोलीस ठाण्यात ‘काम पसंत पडले नाही, हा दिवाणी वाद आहे’ असे ऐकवण्यात आले. दोन्ही फाइलींच्या माहितीचे कागद मी समोर ठेवले. अधिकाऱ्याने ते उलटूनही पाहिले नाहीत. पैसे यूपीआयने दिले म्हणून सायबर विभागाकडे पिटाळले, तर तिथे ‘व्यवहार प्रत्यक्ष भेटीत ठरला, ठाण्यातच जा’ असे उत्तर मिळाले. न केलेल्या कामाचे पैसे घेणे ही नापसंती कशी ठरते, हे सांगण्याची तसदी कोणीही घेतली नाही, आणि लेखी तक्रारीची पोचही अद्याप दिलेली नाही.

तो माणूस आजही त्याच क्रमांकावरून ‘पानाला १५० रुपये’ अशा जाहिराती पाठवत आहे.