शुगरची नोंदवही आणि चर्चागट: आठ महिन्यांनंतर, ७.२ च्या घोळासह

अपडेटनंतर या आरोग्य-साइटच्या नोंदवहीतलं शुगरचं एकक परस्पर बदललं, म्हणून हे लिहितोय. आधी एमजी (एमजी/डीएल, म्हणजे डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम साखर) होतं, आता मिलिमोल (लिटरमागे मोजायचं दुसरं एकक). सोलापुरातल्या लॅबचे रिपोर्ट आणि आपली ग्लुकोमीटरं एमजीतच आकडा देतात. आता ११२ टाकलं की लाल पट्टी येते, 'तातडीने दवाखान्यात जा'. अहो, ११२ मिलिमोल म्हणजे शुगर २०१६! बहुतेक मीटर ६०० च्या पुढे आकडा न दाखवता नुसतं 'हाय' दाखवतात. असली नोंद साइटने घ्यायलाच नको होती. प्रोफाइलमधल्या मोजमापांत जाऊन एमजी/डीएल पुन्हा निवडा आणि अपडेटनंतरची प्रत्येक नोंद तपासा. मिलिमोलला १८ ने गुणलं की एमजी मिळतं.

हाच घोळ साइटच्या चर्चागटात जास्त महागात पडतो. कुणीतरी विचारतं, "७.२ आली, ठीक आहे का?" आणि खाली धडाधड उत्तरं. पण ७.२ कशाची? मिलिमोल असेल तर १३०. एचबीएवनसी (सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ७.२ टक्के असेल तर दोन-तीन महिन्यांची सरासरी १६० च्या आसपास (७.२ गुणिले २८.७, वजा ४६.७). शिवाय उपाशीपोटीची की जेवणानंतरची? प्रश्नाच्या चौकटीत 'एकक' आणि 'वेळ' या दोन सक्तीच्या जागा हव्यातच. एवढं केलं तर निम्मी चुकीची उत्तरं थांबतील.

चर्चागट बंदच करावा, असं आधी ठाम मत होतं. मे महिन्यात ते बदललं. एकाच बोटाचे लागोपाठचे आकडे फार वेगळे येतात, या प्रश्नाला तिथे नेमकं उत्तर मिळालं: ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या) साधारण ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि आपल्याकडे तेव्हा पारा ४२ वर. पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेली डबी बाद समजा, झाकण लगेच घट्ट लावा, शंका आली तर कंट्रोल सोल्युशनने (साखरेचं प्रमाण ठरलेलं चाचणीचं द्रव) तपासा, बोटं धुऊन कोरडी करा. एक स्ट्रिप पंधरा-वीस रुपयांची. हे उत्तर आधी वाचलं असतं तर अख्खी डबी वाचली असती.

बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) गणकात २५ पर्यंत हिरवं दिसतं. भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात. १६५ सेंमी, ६६ किलो म्हणजे २४.२, साइट शाबासकी देते, ती घेऊ नका. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंमीच्या आत हवा, तो टेपने मोजा.

आहाराच्या यादीत कडक भाकरी नाही. ज्वारीचं कोरडं पीठ वजन करून टाका, १०० ग्रॅमला साधारण ३४० कॅलरी. शेंगाचटणी 'शेंगदाणे' म्हणून नोंदवा. २० ग्रॅमला ११० च्या पुढे जाते, चिमूटभर समजून सोडू नका.

डॉक्टरांना पाठवायची लिंक लॉगिनशिवाय उघडते. पाठवण्याआधी खासगी विंडोत उघडून बघा, भेट झाली की रद्द करा. चर्चागटातलं नावही तपासा, तिथे मोबाइल नंबर दिसत असेल तर लगेच बदला.

वार्षिक वर्गणी सध्या भरलेली नाही. एककाची सक्ती आली की भरेन. तोवर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या नोंदी फाइलमध्ये उतरवून ठेवतोय.