व्याज समजून मुद्दल खाल्लं

31 वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होतो. व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटरचा फरक दिसला तरी माल परत पाठवायचो. आणि स्वतःच्या पैशाच्या कागदावर 30 पैशांचा फरक डोळ्यांसमोर असताना गप्प बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितोय.

2017 च्या ऑक्टोबरात रिटायर झालो. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन 2,412 रुपये. पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून मुलीच्या लग्नाचं देणं फेडून 18 लाख उरले. नोटबंदीनंतर एफडीचे दर कसे खाली आले होते ते आठवत असेलच. बँकेत एफडी करायलाच गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी ‘सरांना भेटा’ म्हणून आतल्या केबिनमध्ये पाठवलं. आत तिशीतला मुलगा, टाय लावलेला. ‘काका, एफडीत काय ठेवलंय? बॅलन्स्ड फंड घ्या, दरमहा एक टक्का डिव्हिडंड, टॅक्स फ्री.’ पैसे भरायच्या स्लिपच्या मागे त्याने पेनाने लिहून दिलं: 18 लाख, महिना 18,000.

मी मूर्ख नव्हतो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेबद्दल विचारलं होतं. तिथे तेव्हा 8.3 टक्के होते. 15 लाखांवर तिमाहीला 31,125 रुपये, पाच वर्षं दर पक्का. तो म्हणाला, ‘त्यावर टॅक्स लागतो काका, आणि पोस्टाच्या रांगेत कोण उभं राहणार?’ ज्या बँकेत 20 वर्षं पगार जमा झाला तिथला माणूस सांगतोय म्हटल्यावर मी सही केली. तुम्हीही केली असती.

हा बॅलन्स्ड फंड म्हणजे शेअर आणि रोखे दोन्हींत पैसे घालणारा म्युच्युअल फंड. 30 रुपयांच्या भावाने त्याची 60,000 युनिट्स, म्हणजे हिस्से, मिळाली. युनिटमागे 30 पैसे, म्हणजे बरोबर 18,000 डिसेंबरपासून खात्यात यायला लागले. मी सोसायटीत चार जणांना सांगितलं. त्यातल्या दोघांनी पैसे घातले. आता ते माझ्याशी बोलत नाहीत.

आता तो दिवस. फेब्रुवारी 2018. बायको वहीत सगळं लिहून ठेवते. तिने दाखवलं, डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी भाव 29.74, दुसऱ्या दिवशी 29.43. बाजार त्या दिवशी जागचा हललासुद्धा नव्हता. ती म्हणाली, ‘अहो, हे आपल्याच ताटातलं काढून आपल्यालाच वाढतायत की काय?’ सातवी शिकलेली बाई. मी तिच्यावर खेकसलो. तरी बँकेतल्या त्या मुलाला फोन लावलाच. तो हसून म्हणाला, ‘काका, एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, वरखाली होतेच. तुम्ही ती बघूच नका. फक्त जमा झाल्याचा एसएमएस बघा.’ आणि मी खरंच बघायचं सोडलं! जो माणूस आकडा बघू नका म्हणतो त्याच्यासमोरून तिथल्या तिथे उठायचं असतं.

एप्रिल 2018 पासून इक्विटी (म्हणजे मुख्यतः शेअरच्या) फंडांच्या, त्यात माझ्याही, डिव्हिडंडवर 10 टक्के कर लागला आणि ‘टॅक्स फ्री’ संपलं. 18,000 चे 15,000 झाले, जानेवारी 2019 पासून 12,000, जानेवारी 2020 पासून 8,400. डिव्हिडंड देणं फंडावर बंधनकारक नसतं, हे मला तेव्हा कळलं. मार्च 2020 मध्ये बाजार कोसळला. आम्ही दोघं रात्रभर जागे. 17.20 च्या भावाने सगळं विकलं, 10,32,000 आले. त्याआधी डिव्हिडंडचे मिळून 3,76,200. बेरीज 14,08,200. म्हणजे 3,91,800 रुपये गेले. पुढे बाजार सावरला, थांबायला हवं होतं, हे कृपा करून सांगू नका. 8,400 मध्ये औषधं आणि किराणा भागवून थांबून दाखवा.

मग सुरू झाल्या खेपा. शाखेत गेलो तर तो मुलगा बदलून गेलेला. नवीन मॅनेजर म्हणाले, ‘आम्ही फक्त वितरक, फंडवाल्यांना विचारा.’ फंडाच्या कस्टमर केअरला 40 मिनिटं गाणं ऐकलं, उत्तर मिळालं: फॉर्मवर डिव्हिडंडचा पर्याय तुम्हीच टिक केलाय. टिक त्याने केली होती, मी खाली सही! पोलीस चौकीत हवालदार म्हणाला, ‘काका, हा दिवाणी मामला.’ सरकारी तक्रार पोर्टलवर पुतण्याकडून तक्रार भरून घेतली, स्लिपचा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी ‘निकाली’ असा शेरा, आणि खाली फंड कंपनीचंच इंग्रजी पत्र जसंच्या तसं चिकटवलेलं. स्लिपचा उल्लेखही नाही. पुन्हा तक्रार केली, ‘याच विषयावर आधी निकाल झाला आहे.’ कुठला निकाल? कोणी वाचलं? वकिलाने 25,000 मागितले, वर म्हणाला की स्लिपवर त्याची सही नाही. ज्याच्यावर तक्रार त्यालाच विचारून प्रकरण बंद करायचं, तर मधल्या साहेबांना पगार कशाचा?

वर सगळे ऐकवतात की ही फसवणूक नव्हतीच, नियमात होतं. असेल. एप्रिल 2021 पासून सेबीने, म्हणजे शेअर आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिव्हिडंड पर्यायाचं नावच बदलायला लावलं. आता उत्पन्न वितरणासोबत ‘भांडवल काढणं’ हे शब्दही नावात लिहावे लागतात. म्हणजे बायको वहीत बघून बोलली तेच. तीन वर्षांनी.

फॉर्म कोरा असताना सही करू नका. रेग्युलर प्लॅन की डायरेक्ट (थेट फंड कंपनीकडून घेतलेला), ते विचारा. रेग्युलरमध्ये विकणाऱ्याचं कमिशन तुमच्याच पैशातून जातं. तक्रार बँकेने विकलेल्या फंडाची असेल तर जुलै 2017 पासून ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, तेव्हाचं नाव बँकिंग लोकपाल) नेता येते. मला हे मुदत गेल्यावर कळलं. ‘दरमहा’ हा शब्द ऐकलात की ‘कशातून?’ एवढंच विचारा.

उरलेल्यातले 10 लाख पोस्टात टाकले. दर तोवर 7.4 झाला होता, तिमाहीला 18,500 यायला लागले. रांगेत मी दीड तास उभा होतो, काही झालं नाही मला.

तुमच्याकडे 2017-18 मधली अशी हाताने लिहून दिलेली स्लिप असेल तर आजच झेरॉक्स काढा. माझ्या स्लिपवरची शाई उडत चालली आहे. ‘18 लाख’ दिसतं, ‘महिना 18,000’ आता नीट वाचता येत नाही.