बॉल मिलचे गोळे घेताना मी कसा फसलो

जालन्याच्या एमआयडीसीत आमची स्लॅग दळायची छोटी मिल आहे. भट्टीवाल्यांकडून इंडक्शन फर्नेसचा (विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीचा) स्लॅग, म्हणजे वितळताना वर येणारी मळी, उचलायचा, फोडून बॉल मिलमध्ये, म्हणजे स्टीलचे गोळे भरलेल्या फिरत्या पिंपात, दळायचा, चुंबकावर लोखंड वेगळं करायचं आणि ते परत भट्टीला विकायचं. मिल चार फूट व्यासाची, आठ फूट लांब. आत साडेतीन टन गोळे लागतात. गेल्या पोळ्याच्या सुमारास सगळे गोळे बदलायला निघाले आणि तिथं मला फसवलं गेलं. हाच धंदा करणाऱ्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

नेहमीचा माल 74 रुपये किलो पडायचा. एक दलाल 63 ला देतो म्हणाला. "भाऊ, हाय-कार्बन फोर्ज्ड आहे, साठ हार्डनेस. माझ्यावर भरवसा नको, तपासून घ्या." 50 मिमीचा एक गोळा त्यानं टेबलावर ठेवला. ओळखीच्या टूलरूममध्ये जरासा सपाट करून हार्डनेस, म्हणजे कडकपणा, मोजायच्या रॉकवेल मशीनवर लावला, तर 59 आलं. टेस्ट सर्टिफिकेटवर कार्बन 0.78 टक्के होता. मी 80 टक्के रक्कम आगाऊ पाठवली. नमुन्याचा गोळा दुसऱ्या पार्टीला दाखवायचाय म्हणून तो परत घेऊन गेला.

पहिले काही आठवडे मी खूश होतो. शंभर किलो स्लॅगमागे साडेपाच किलो लोखंड निघायचं, ते सहाच्या वर गेलं. मला वाटलं, या वेळी भट्टीचा स्लॅगच चांगला आलाय. खरं तर चुंबकावर आमचेच गोळे झिजून येत होते. 63 रुपयांनी घेतलेलं लोखंड मी भंगाराच्या भावानं विकत होतो आणि वहीत ते उत्पादन म्हणून मांडत होतो. ही गोष्ट मला अजून सलते.

पहिल्यांदा ओळखलं ते आमच्या ऑपरेटर मामांनी. "शेठ, मिलचा आवाज बदलायलाय. मोटर अँपिअर बी कमी घ्यायलीय." मी म्हटलं, बघू. आठवडाभर तसाच घालवला. दळलेला माल जाड यायला लागला तेव्हा मिल उघडली. गोळे चपटे झालेले, काही तर बटाट्यासारखे वेडेवाकडे. पाचच आठवड्यांत साडेतीन टनांतले जेमतेम 2200 किलो उरले होते.

एक न वापरलेला गोळा छत्रपती संभाजीनगरच्या लॅबमध्ये कापून घेतला. कडेला हार्डनेस 58, दोन मिलिमीटर आत गेलं की उतार, मध्यभागी 20 च्याही खाली. म्हणजे कमी कार्बनचं साधं लोखंड, वरून कार्बन चढवून फक्त सालपट कडक केलेलं. ते सालपट झिजलं की आत मऊ गोळा. माझी टूलरूममधली तपासणी खोटी नव्हती, पण ती सालपटाची होती. दलालानं स्वतःहून तपासायला सांगितलं ते त्याच जोरावर.

आमच्या कामाला कार्बन स्टील निवडणं चुकीचं नव्हतं. दळण कोरडं आहे, गंजाचा प्रश्न नाही, गोळ्याचं झिजलेलं लोखंड शेवटी भट्टीतच जातं. पाण्यात दळणाऱ्यांचं किंवा ज्यांच्या पावडरीत लोखंड चालत नाही त्यांचं गणित वेगळं, त्यांनी क्रोम मिसळलेल्या गोळ्यांचा विचार करावा. पण कार्बन स्टील घ्यायचं तर पूर्ण गोळा कडक हवा. त्यासाठी स्टीलमध्येच पुरेसा कार्बन लागतो आणि पाणी देणंही, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करणंही, नीट लागतं.

वजनावरून हे कळत नाही. 50 मिमीचा भरीव स्टीलचा गोळा, मऊ असो की कडक, साधारण 514 ग्रॅमच भरतो. वजन बरंच कमी भरलं तर आत पोकळी समजा, एवढंच. ग्राइंडरच्या ठिणग्या बघणार असाल तर खोल घासून बघा. हाय-कार्बनची ठिणगी फुटून झुबके पडतात, साध्या लोखंडाची लांब सरळ रेघ जाते. वरवर घासलं तर कार्बन चढवलेलं सालपट इथंही फसवतं. खरी खात्री गोळा मधोमध कापूनच होते. कापताना पाणी सोडायला सांगा, नाहीतर तापून कडकपणा उतरतो आणि आकडा चुकीचा येतो. मग कडेला, अर्ध्यावर आणि मध्यभागी, तिन्ही ठिकाणी हार्डनेस घ्या. आणि गोळा दलालानं दिलेला नको, आलेल्या वेगवेगळ्या गोण्यांतून तुम्ही स्वतः उचललेला हवा.

पैशाचं म्हणाल तर काहीच परत आलं नाही. सर्टिफिकेटवरचा हीट नंबर, म्हणजे स्टील वितळवलेल्या खेपेचा क्रमांक, त्या स्टील कंपनीला विचारला, तर तो वेगळ्याच मालाचा निघाला. बिलावर नुसतं "स्टील बॉल 50 मिमी" लिहिलेलं, ना कार्बन, ना हार्डनेस. वकील म्हणाले, 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार नमुन्यावर विकलेला माल नमुन्यासारखाच असावा लागतो, पण तुमच्याकडं नमुना कुठाय? धंद्यासाठी घेतलेला माल, म्हणून ग्राहक आयोगाची वाटही अवघड.

आता ऑर्डरमध्ये मध्यभागाचा हार्डनेस लिहून घेतो, नमुना दोघांच्या सहीनं सीलबंद ठेवतो आणि लॅबचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत अर्धे पैसे रोखून ठेवतो. नेहमीच्या पुरवठादारानं हे सगळं कुरकुर न करता मान्य केलं. तो दलाल अजून फिरतोय. परवा आमच्याच लाइनीतल्या एका मिलवाल्यानं विचारलं, 63 चा भाव आलाय, घेऊ का? मी त्याला कापलेल्या गोळ्याचे दोन्ही अर्धे आणि लॅबचा रिपोर्ट नेऊन दिला.