हेलिकॉप्टरवाल्याच्या हातात फोमचं विमान

पंखाच्या मागे मोटर, १४०० मिलिमीटरचा पंख, चार चॅनल म्हणजे रिमोटवरून चार गोष्टी सांभाळायच्या, सगळं अंग फोमचं. यवतमाळच्या दिग्रस तालुक्यात बसून असं रिमोटचं विमान मागवावं काय? मागवा. आधी रिमोटचं हेलिकॉप्टर उडवत असाल तर नक्कीच मागवा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जर्मनीच्या मल्टिप्लेक्सचं ‘ईझीस्टार’ गाजल्यावर त्याच ठेवणीची विमानं कितीतरी जणांनी काढली आणि माझं त्यातलंच एक आहे. खाली लिहितो ते या सगळ्या खानदानाला कमीजास्त लागू पडेल.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी, सबमर्सिबल, उन्हाळ्यात कूलर. दुकान बंद झालं की ४५० साइजचं हेलिकॉप्टर, कलेक्टिव्ह पिचवालं, म्हणजे उडताना ब्लेडचा कोन (पिच) बदलणारं. विमानाकडे कधी वळलो नव्हतो. एका जागी थांबता येत नाही त्याला काय उडवायचं, असा एक तोरा हेलिकॉप्टरवाल्यात असतोच.

पार्सल गावापर्यंत येत नाही, तालुक्यावरून आणावं लागते. खोक्यात दोन अर्धे पंख, कार्बनची नळी, शेपटीचे भाग. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवूनच येतात. रिसीव्हर आणि बॅटरी सोडून मला साडेअकरा हजाराला पडलं. जोडणी एका संध्याकाळची. मोटर उलटी फिरली तर घाबरू नका, ईएससीकडून मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. विहिरीवरची थ्री-फेज मोटर उलटी फिरली की आपण तेच करतो, आणि ही बोटभर मोटरही जातीनं तीन फेजचीच आहे.

मालाच्या तक्रारी आहेत. बॅटरीवरचं झाकण चुंबकावर अडकते आणि चुंबक इतकं मरतुकडं की पोटावर उतरताना झाकण वेगळं पडते. मी सेलोटेप लावतो. सर्व्होच्या आर्मचे स्क्रू ढिले होते. स्टिकरनं चैताचं ऊनही धरलं नाही. आणि सोबत चाकं दिली आहेत, ती कोणासाठी दिली तेच समजत नाही. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल. चाकं खोक्यातच राहू द्या, हातानं फेकून उडवा आणि गवतावर पोटानं उतरवा.

रेडिओ, म्हणजे हातातला रिमोट, मात्र नवा लागत नाही. हेलिकॉप्टरचाच चालतो, फक्त नवीन मॉडेल उघडून त्याचा प्रकार विमान ठेवा. जुनंच मॉडेल कॉपी केलं तर स्वॉशप्लेटचं (हेलिकॉप्टरच्या ब्लेडचा कोन बदलणाऱ्या तबकडीचं) मिक्सिंग तसंच राहते आणि एलेरॉन, एलिव्हेटर (पंखावरच्या आणि शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या) आपल्या मनानं हलतात. बॅटरीही तीच लागते, तीन सेल २२०० एमएएच. हा हिशेब मला सगळ्यात आवडला. ज्या बॅटरीवर माझं हेलिकॉप्टर पाच-सहा मिनिटं उडते, त्याच बॅटरीवर हे विमान हलक्या थ्रॉटलला, म्हणजे मोटर हळू ठेवून, पंधरा-वीस मिनिटं हवेत राहते. लाइट नसली की मी फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून चार्ज करतो. चार्जर डीसी इनपुटवाला घ्या म्हणजे झालं.

आता उडवण्याचं. इथं थोडं सविस्तर लिहितो, कारण विमान शिकवणारे बहुतेक जण पाटी कोरी आहे असं धरून शिकवतात. हेलिकॉप्टरवाल्याची पाटी भरलेली असते, आणि त्यातलं अर्धं पुसावं लागते.

पहिलं, थ्रॉटल. आयडल-अपमध्ये (काडी कुठंही असली तरी मोटर वेगातच राहते तो मोड) हेलिकॉप्टर असताना रिमोटची डावी काडी पूर्ण खाली ओढली तर ब्लेडला उलटा पिच मिळतो आणि यंत्र जमिनीत घुसते. ही भीती अंगठ्यात इतकी मुरलेली असते की विमान उतरवतानाही अंगठा थ्रॉटल शून्यावर न्यायला तयार होत नाही. थोडी मोटर चालूच राहते, विमान हातभर उंचीवरून तरंगत पुढं निघते आणि धुऱ्यापलीकडच्या तुरीत जाऊन बसते. विमानाची मोटर बंद केली तर ते पडत नाही, घसरत खाली येते. डोक्याला हे लगेच पटते, अंगठ्याला पटायला वेळ लागतो.

दुसरं, थांबवायची सवय. हेलिकॉप्टर वेगात पुढं जात असलं की उजवी काडी मागे ओढायची, थोडा पिच द्यायचा, ते जागेवर उभं राहते. विमानाला हेच केलं तर नाक वर होते, वेग संपतो, पंखावरची हवा सुटते आणि एक पंख खाली टाकून ते गोता मारते. इंग्रजीतला स्टॉल तो हाच. उंचीवर मुद्दाम करून पाहा. नाक थोडं खाली जाऊ द्या, वेग आला की ते स्वतःच सावरते. झाडाएवढ्या उंचीवर मात्र हा खेळ नको.

तिसरं या ठेवणीपुरतंच आहे. मोटर पंखाच्या वर, मागच्या बाजूला असते, म्हणजे ढकलणारा जोर विमानाच्या मध्यापेक्षा वरून लागतो. त्यामुळे एकदम फुल थ्रॉटल दिला की नाक वर जायच्या जागी खाली दबते. हातानं फेकताना पाऊण थ्रॉटल, वाऱ्याच्या तोंडावर, सरळ आडवं, भाला फेकतात तसं फेका. आभाळाकडे फेकणाऱ्याचं विमान दोन कासऱ्यांवर नाकावर येते.

फायदेही आहेत आणि ते कमी नाहीत. विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होते, आणि नवशिक्याची तिथंच भंबेरी उडते. ज्यानं नाक आपल्याकडे ठेवून हेलिकॉप्टर हवेत उभं केलं आहे, त्याला हे काहीच वाटत नाही. दुसरं, आपला डावा अंगठा शेपटीवर जिवंत असतो. बरेच विमानवाले रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, विसरूनच जातात. या विमानाचे पंख टोकाला वर उचललेले आहेत, त्यामुळे नुसत्या रडरवरही ते छान वळते, आणि एलेरॉनसोबत रडर दिलं तर वळण असं गोल येते की पाहत राहावं.

विमान आपोआप सरळ करणाऱ्या सेल्फ-लेव्हल जायरोचा रिसीव्हर काही जण सोबत देतात. मी तो काढून साधा रिसीव्हर लावला. हेलिकॉप्टरवाल्याला तो हात धरल्यासारखा वाटतो. घरातलं लहान पोट्टं शिकणार असेल तर असू द्या.

आता ज्यासाठी मी हे विमान विकणार नाही ते. मार्चमध्ये कापूस उपटून वावरं मोकळी होतात, नांगरलेली काळी जमीन दहा-अकरा वाजता तापते आणि तिच्यावरून गरम हवा उठते. शेजारच्या हिरव्या गव्हावरून ती तशी उठत नाही. घारी पंख न हलवता जिथं गोल घिरट्या घालतात तिथं विमान न्या, मोटर बंद करा आणि हलकं वळण धरून ठेवा. विमान चढते. मोटर बंद असताना चढते! हेलिकॉप्टरची मोटर बंद म्हणजे ऑटोरोटेशन, नुसत्या फिरत्या ब्लेडवर उतरणं, काही सेकंदांचा जीव मुठीत धरायचा मामला. इथं आपण मान वर करून उभे, रेडिओवर जवळपास काही करायचं नाही, आणि टिंबाएवढं झालेलं विमान खाली कसं आणावं हीच चिंता. घारी जवळ येऊन पाहून जातात. अंगावर आली तर विमान बाजूला काढा, पाखरू आधी. बाराच्या पुढं वावटळी उठायला लागल्या की मात्र गुंडाळा.

पडलं तर काय? हेलिकॉप्टर पडलं की मेन ब्लेड, फेदरिंग शाफ्ट, मेन गिअर, बहुतेक वेळा एखादा सर्व्हो, आणि पार्सलची वाट. या फोमला ईपीओ म्हणतात. त्याला किराणा दुकानातलं फेविक्विक चालते. साध्या थर्माकोलला लावू नका, तो विरघळतो. नाक चेपलं असेल तर गरम पाण्यात बुडवा, फोम फुगून बराचसा जागेवर येतो. खर्च दहा रुपये आणि चहाचं पातेलं. पातेल्यावरून घरात जे ऐकावं लागलं ते वेगळं.

जागा ही खरी अट आहे. हेलिकॉप्टर अंगणात उडते, याला निदान चार-पाच एकर मोकळं लागते आणि तारा नकोत. गावाबाहेरची ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन उत्तम, पण गुरं सुटायच्या आधी. ड्रोनचे २०२१ चे नियम आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशात आपला भाग हिरव्यात, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात, आहे का ते पाहा. हिरव्यातही उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. गावात सगळ्यांनी फवारणीचे ड्रोन पाहिलेत, म्हणून ढोरं घेऊन आलेल्या एका काकांनी विचारलंच, “बापू, हे किती एकर फवारते?” म्हटलं, “फवारत नाही जी काका, नुसतं उडते.” काकांनी विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग कायले उडवतं?”

उन्हाची काळजी घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत पंख वाकतो आणि भरलेली लिपो बॅटरी फुगते. उडवायचं नसेल तेव्हा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून माठाच्या खोलीत, टिनाच्या डब्यात ठेवा. विमान उभं टांगा.

दाट वस्तीत राहणाऱ्यानं, किंवा थ्रीडी कसरतीची हौस असणाऱ्यानं हे घेऊ नये. पुढच्या पार्सलमध्ये मी दोन प्रोपेलर आणि एक जास्तीची कार्बन नळी मागवली आहे. हेलिकॉप्टरची ब्लेड या खेपेला यादीत नाही.